शोभा कोणती आणि सोय कोणती?

झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर कागद, फायली आणि टपालाचे ट्रे यांची चित्रे होती. कचेरीतील माणसाला नवे यंत्र परके वाटू नये, हा त्यामागील हेतू.

पुढे या अनुकरणाचा अतिरेक झाला. ॲपलने २०१० मध्ये पडद्यावरील पुस्तकांसाठी लाकडी फडताळ रंगविले. २०११ मध्ये संगणकातील दिनदर्शिकेवर शिवणीसकट चामडे चढविले. २०१३ मध्ये त्याच कंपनीने आपल्या फोनवरून असली सजावट पुसून टाकली. तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु तिच्याबरोबर अनेक बटणांचा उठावही गेला आणि नेमके कोठे दाबावे, हे सांगणारी खूणच नाहीशी झाली.

अशा वेळी शिकण्याचा खर्च वाचत नाही. तो उत्पादकाकडून ग्राहकाकडे सरकतो, इतकेच. जाणत्यांना तो जाणवत नाही. बँकेचा व्यवहार प्रथमच फोनवर करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला मात्र तो पुरेपूर सोसावा लागतो.

चामड्याची शिवण ही शोभा. बटणाचा उठाव ही सोय. एवढा विवेक रचनाकारांनी सोडता कामा नये.