गिनीपिगचा खाऊ की आपली हौस?

"एक बिस्किट दिलं तर काय बिघडतं?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बिघडतं राव!

१९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना चक्क स्कर्व्ही झाला. कारण आपल्यासारखंच त्यांचं शरीरही 'क' जीवनसत्त्व बनवू शकत नाही. याला शंभरावर वर्षं झाली, तरी दुकानात रंगीत दाणे आणि दह्याच्या गोळ्या 'ट्रीट' म्हणून विकतात, आणि आपण कौतुकाने घेतो.

त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला वाळलेलं गवत लागतं. बिस्किटाने पोट भरल्यावर तो गवत कशाला चावेल?

खाऊ द्यायचाच ना? मग ढोबळी मिरचीची चकती द्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या द्या. सफरचंदाची छोटी फोड, बिया काढून, आठवड्यातून एखाद्या वेळी. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नको. गिनीपिगला उलटी करता येत नाही; आमच्या भाषेत, त्याच्याकडे 'अनडू' नाही.

बिस्किट कुरतडताना तो गोड दिसतो, मान्य. पण मग तो खाऊ त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. निदान तसं कबूल तरी करा. असो.