पडद्यावरचे संमेलन आणि सतरंजीवरची माणसे

आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत एक ठराव चर्चेला आला. दिवाळीनंतरचे स्नेहसंमेलन आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी होणारे कविसंमेलन यापुढे कायमचे आभासी सभागृहात भरवावे, असा तो ठराव. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्याच मुलांनी तो मोठ्या उत्साहाने मांडला आहे. संगणकावर एक सभागृह उभारायचे. त्यात व्यासपीठ, खुर्च्या, तोरण, समई सर्व काही असेल. प्रत्येकाने आपापली प्रतिमा धारण करून तेथे प्रवेश करायचा, शेजारच्या प्रतिमेला नमस्कार करायचा आणि कार्यक्रम ऐकायचा. ना सभागृहाचे भाडे, ना मांडव, ना जेवणाची यातायात. निर्णय पुढील बैठकीत व्हायचा आहे. तत्पूर्वी, एक बालरोगतज्ज्ञ म्हणून आणि त्याहीपेक्षा या मंडळाची जुनी सभासद म्हणून, माझे मत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

ही कल्पना थट्टेवारी नेण्यासारखी नाही, हे प्रारंभीच नमूद करते. ‘सेकंड लाइफ’ नावाचे आभासी जग २००३ साली सुरू झाले. तेथे काव्यवाचने झाली, व्याख्याने झाली, आणि २००७ साली स्वीडनसारख्या देशाने तेथे आपली वकिलातही थाटली. अशा जगात वावरणाऱ्या प्रतिमेला ‘अवतार’ म्हणतात. आपलाच संस्कृत शब्द. १९९२ मध्ये नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो या अर्थाने लोकप्रिय केला आणि आता तो विलायतेची वारी करून आपल्या दारी परत आला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने ‘मेटा’ हे नाव धारण केले आणि या जगांचा पुन्हा गाजावाजा झाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडूतील एका जोडप्याने आपला स्वागतसमारंभ अशाच आभासी सभागृहात केला. वधूचे वडील आदल्या वर्षी निवर्तले होते; त्यांचीही प्रतिमा तेथे आशीर्वाद द्यायला उभी होती. ही बातमी वाचताना माझ्यातील डॉक्टर काहीशी अस्वस्थ झाली आणि माझ्यातील मुलगी गहिवरली. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

मराठी माणसाला तर दूरस्थ मेळाव्यांची सवय जुनी आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेव्हापासून आपले संमेलन प्रवासच करीत आले आहे. आपल्या गुजरातेत, बडोद्याला, ते १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा आले. ज्यांना संमेलनापर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत संमेलनच चालत गेले. १९९६ साली ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि परमुलखातील मराठी मंडळी तेथे गणेशोत्सवही साजरा करू लागली. आणि नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे उदाहरण तर ताजे आहे. करोनामुळे पुढे ढकललेले ते संमेलन ३ ते ५ डिसेंबर २०२१ रोजी झाले, अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळे प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत, तरीही त्यांचे विचार श्रोत्यांपर्यंत पोहोचले. तेव्हा अध्यक्षांची देहाने अनुपस्थिती ही संमेलनाची अनुपस्थिती ठरत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

मग माझी हरकत कशाला आहे? ती सांगण्यासाठी मला माझीच एक चूक कबूल करावी लागेल.

२०२० सालच्या आषाढी एकादशीला आपण पडद्यावर काव्यवाचन ठेवले होते, हे अनेकांना आठवत असेल. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. त्या दिवसांत दवाखान्याचे फोन अहोरात्र चालू असत. एक कान कार्यक्रमाकडे, एक कान तापाने फणफणलेल्या बाळांच्या आयांकडे. आपल्या समाजातील एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांमुळे दोन वर्षे घराबाहेर न पडलेल्या, नातवाच्या मदतीने पडद्यावर आल्या. तापीकाठच्या माहेरावर त्यांनी स्वतः रचलेली कविता त्यांनी वहीतून वाचली. ओठ हलत होते, मान डोलत होती, एक हात ताल धरीत होता. आवाज मात्र बंद होता. माझ्या लक्षात आले नाही. ज्यांच्या आले, त्यांना मध्येच बोलणे अवघड वाटले असावे. कविता संपली, आणि पडद्यावर टाळ्या वाजविणाऱ्या हातांची चित्रे भराभर उमटली. मी ‘फारच सुंदर’ म्हणून पुढच्या कवीचे नाव पुकारले.

आठ दिवसांनी त्यांच्या पणतीला लस द्यायला मी त्यांच्या घरी गेले. आजींनी मला जवळ बसवून घेतले आणि विचारले, “डॉक्टरीणबाई, टाळ्यांचे हात दिसले हो मला. पण कुणी काही बोललं नाही. कविता बरी नव्हती का?”

मी खरे ते सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग वही मागवून घेतली आणि म्हणाल्या, “मग आता ऐका.” मी ऐकली. दुसऱ्या कडव्यात त्या अडखळल्या, मी शेवटचा शब्द परत म्हटला, त्यांनी पुढची ओळ उचलली. शेवटी त्यांनी विचारले, “मधलं जरा लांबलं का?” मी म्हटले, “थोडंसं.” त्या प्रसन्न हसल्या. चाळीस जणांच्या टाळ्यांनी जे समाधान दिले नव्हते, ते एका श्रोत्याच्या ‘थोडंसं’ने दिले.

मुलांच्या भाषाविकासाविषयी आपले शास्त्र जे सांगते, ते याहून फारसे वेगळे नाही. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकविण्यात आली. ज्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत होती, ती बाळे त्या भाषेतील ध्वनी ओळखू लागली. ज्यांना तीच भाषा चित्रफितीवर दाखविली वा केवळ ध्वनिफितीवर ऐकविली, त्यांच्यात अशी प्रगती आढळली नाही. म्हणजे पडदा वाईट, असा निष्कर्ष कोणी घाईने काढील. पण २०१४ मध्ये सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकविण्यात आली. समोरासमोर शिकलेल्या मुलांप्रमाणेच पडद्यावरील थेट संभाषणातूनही मुले शिकली. आधीच मुद्रित केलेल्या संभाषणातून मात्र शिकली नाहीत. थेट संभाषणात पलीकडची व्यक्ती मुलाकडे पाहून, त्याच्या हुंकाराला हुंकार देऊन बोलत होती. फरक पडला तो प्रतिसादाने.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडिआट्रिक्सने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दोन वर्षांखालील बाळांना पडद्यापासून दूर ठेवावे असे सांगताना अपवाद ठेवला आहे, तो नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ संभाषणाचा. त्या अपवादात मला संपूर्ण समाजशास्त्र दिसते. न्यू जर्सीतील आजोबा इकडच्या नातीच्या बोबड्या बोलाला उत्तर देत असतील, तर तो पडदा खिडकी आहे. उत्तर देणारे कोणी नसेल, तर तो कितीही नटविला तरी दूरचित्रवाणीचा संच आहे.

मंडळापुढील ठरावाला मी हीच कसोटी लावते. प्रस्तावित सभागृहात दोनशे अवतार बसतील. परंतु अवताराच्या चेहऱ्यावरून कंटाळा कळत नाही, डोळ्यांतले पाणी दिसत नाही, आणि तो माणूस स्वयंपाकघरात निघून गेला तरी त्याची प्रतिमा खुर्चीत हसतमुख बसून राहते. आपण वैद्यकीय व्यावसायिक चेहरे वाचून पोट भरतो. मार्च २०२० मध्ये शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती आपण सर्वांनी वापरली आणि त्यामुळे अनेक रुग्णांची सोय झाली. तरीही दूरध्वनीवरून बाळाचे पोट चाचपता येत नाही, हे आपणास पक्के ठाऊक आहे. फेरतपासणी दुरून चालते, पहिली तपासणी जवळूनच हवी. संमेलनालाही तोच न्याय लावावा. ज्यांची एकमेकांशी आधीची ओळख आहे, त्यांना पडदा जोडून ठेवतो. नवी ओळख, विशेषतः मुलांची भाषेशी ओळख, सतरंजीवरच होते. आपली मुले शाळेत गुजराती वा इंग्रजी बोलतात. घरात मराठी बोलणारी दोन माणसे. वर्षातून दोनदा ती मोठ्यांच्या गर्दीत खुर्च्यांमागे पळापळी करतात, कोणाच्या तरी काकूंची बोलणी खातात, वऱ्हाडी हेल आणि खानदेशी हेल एकाच पंगतीत ऐकतात. कार्यक्रमाकडे त्यांचे लक्ष नसते, म्हणून आपण त्यांना रागावतो. पण भाषा तेव्हाच कानांत शिरत असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. आभासी सभागृह दूरच्यांना जवळ आणते खरे. पण जवळच्यांचे काय? बारडोलीचा साखर कारखाना सुरू झाला की खानदेशातून, डांगातून ऊसतोडणीची कुटुंबे येतात आणि आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर पडाव टाकून राहतात. त्यांची अहिराणी, भिली, मावची आपल्या भाषेच्या सख्ख्या शेजारणी. त्यांची मुले हिवाळ्यात खोकत माझ्या दवाखान्यात येतात. काही वर्षांपूर्वी, करोनाच्या आधी, आपल्या २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात एका सभासदाने अहिराणी गाणे म्हटले. पडावावरची एक बाई औषध घेऊन परतताना कडेवरच्या मुलासह दारातच थबकली. कोणीतरी म्हणाले, “या ना ताई, बसा.” ती सतरंजीच्या कडेला बसली आणि गाण्याचे पुढचे कडवे आपणहून म्हणू लागली. आभासी सभागृहाला असे दार नसते. तेथे ज्याला दुवा पाठविला, तोच येतो. ज्याच्याकडे बरा फोन आणि मोकळी संध्याकाळ आहे, तोच बसतो. वाटसरूला तेथून जाताच येत नाही, मग थबकणार कोठे?

आपण राहतो ती भूमीही हेच सांगते. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात छापील ‘सत्याग्रह पत्रिका’ गावोगाव पोहोचत असे आणि तिचे महत्त्व मोठे होते. पण पत्रिकेवर विसंबून वल्लभभाई घरी बसले नाहीत. गावोगावच्या सभांत ते शेतकऱ्यांसमोर उभे राहिले, तेव्हा तालुका एक झाला आणि येथील जनतेने त्यांना ‘सरदार’ म्हटले. पत्रिकेने वार्ता नेली, सभेने माणसे बांधली. दोहोंची गरज होती. एकीने दुसरीची जागा घेतली नाही.

म्हणून माझी सूचना ठराव फेटाळण्याची नाही, दुरुस्त करण्याची आहे. संमेलन सभागृहातच भरावे आणि त्याची दारे उघडी राहावीत. २७ फेब्रुवारी हा तोडणीच्या हंगामातला दिवस आहे. त्या दिवशी पडावावर एक साधे निमंत्रण तोंडी जावे. परदेशातील मुलांसाठी सभागृहात एक पडदा जरूर लावावा. मात्र तिकडून वाचणाऱ्या प्रत्येकासाठी इकडे एक श्रोता नेमलेला असावा, ज्याने आवाज येतो की नाही हे पाहावे आणि कविता संपल्यावर दोन वाक्ये बोलावी. जे वृद्ध घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्याकडे केवळ दुवा न पाठविता एक तरुण सभासद फोन घेऊन जावा आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्या शेजारी बसावा. ज्यांना अवतारांचे सभागृह उभारायचे आहे, त्यांनी ते हौसेने उभारावे. वर्षभर तेथे वाचकमंडळ चालवावे, पण एका बैठकीला पंधरा-वीसच जण असावेत, म्हणजे प्रत्येकाला बोलता येईल आणि कोणी गप्प असेल तर ते लक्षात येईल.

खर्चाचा मुद्दा काहींनी मांडला आहे, तो रास्त आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच, की जेवणातील पक्वान्न कमी करावे, पंगत कमी करू नये.

त्या आजी गेल्या वर्षी निवर्तल्या. त्यांची वही त्यांच्या नातवाने माझ्याकडे ठेवायला दिली आहे. येत्या २७ फेब्रुवारीला त्यांची तापीकाठची कविता सभागृहात, मोठ्याने, माईक तपासून वाचावी अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी आपण सर्वांनी यावे. आणि ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी पडद्यावरून का होईना, पण ऐकून झाल्यावर काहीतरी बोलावे, एवढीच या निमित्ताने विनंती.