भुयारं निर्दोष आहेत

मराठी कादंबरीला पुरते दातही आले नव्हते, तेव्हापासून ती तरुण पोरांना बिघडवते अशी तक्रार आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. लगेच १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी निबंध लिहून या अद्भुत मंडळींची हजेरी घेतली. ती परंपरा पुढं आमच्या अण्णांनी मुलुंडला इमानेइतबारे चालवली.

शाळेत असताना मी पाच रस्त्याजवळच्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीतून दातारशास्त्र्यांची ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ आणि नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणून फडशा पाडत असे. अण्णांचं म्हणणं, भुयारं आणि गुप्त दरवाजे वाचून पोरगं वाया जाणार. शिवाय दातारशास्त्र्यांचा माल रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रजाकडून उसना आणलेला. “त्यापेक्षा हरिभाऊ वाच!”

हरिभाऊ आपटे थोरच; त्याबद्दल वाद नाही. पण त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) कुणावरून बेतलेली? याच रेनॉल्ड्सवरून! वाणी एकच. शास्त्रीबुवांनी सामान आणलं तर उधारी, आणि हरिभाऊंनी आणलं तर भांडवल, हा कुठला हिशेब?

रिटायर झाल्यावर ही पुस्तकं पुन्हा वाचली. भुयारं अजून भक्कम आहेत. नाथमाधव तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले, कड्यावरून पडले आणि जन्माचे पांगळे झाले. त्या माणसानं बसल्या जागेवरून महाराष्ट्रातल्या पोरांना दऱ्याखोऱ्यांतून घोडे दौडवायला लावलं. याला कुणी ‘पलायनवाद’ म्हणणार असेल, तर त्यानं आधी बसल्या जागेवरून पळून दाखवावं.

मग या पुस्तकांत खटकण्यासारखं काहीच नाही? आहे की! पण ते भुयारात नाही, भर उजेडात आहे. नायक गोरापान, ‘वीरधवल’च्या तर नावातच पांढरा रंग. गरिबाघरच्या पोरानं पराक्रम केला रे केला, की शेवटी तो लहानपणी हरवलेला राजपुत्र निघालाच पाहिजे. गुराख्याचं पोर गुराखी राहून शूर असलेलं चालत नाही. आणि नायिकेला दोनच कामं : पळवलं जाणं आणि मूर्च्छा येणं.

यावर अण्णा कधी चकार शब्द बोलले नाहीत. बोलणार कसे? हेच सगळं आमच्या दोन खोल्यांत रोज चालू होतं! ‘गोरी, गृहकृत्यदक्ष, कुलीन’ वधू पाहिजे अशा जाहिराती रविवारच्या पेपरात मोठ्यानं वाचल्या जात, आणि त्यांनी पोरं बिघडतात अशी शंका कुणालाही आली नाही. भुतांना आपण भ्यायलो. घरातल्या माणसांना भ्यायला हवं होतं.

तेव्हा ही पुस्तकं मुलांपासून लपवू नका आणि धुऊनपुसून, सोवळी करूनही देऊ नका. आहेत तशी, भुयारांसकट द्या. मुलांना अक्कल असते. परवा माझी नात माझ्याकडून एक प्रकरण वाचून घेत होती. नायिका तिसऱ्यांदा कोसळली तेव्हा तिनं मला थांबवलं.

“आजोबा, ही सारखी बेशुद्ध का पडते? तिला घरी नीट जेवायला घालत नाहीत का?”

दीडशे वर्षांच्या टीकेत इतका मुद्द्याचा प्रश्न माझ्या तरी वाचनात आलेला नाही.