नवजाताच्या तळपायावरील तांबडा प्रकाश

भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून येथील पोलाद कारखान्यातील कामगाराला ठाऊक आहे की, रसरशीत धातूचा ताप त्याला स्पर्श न करताही केवळ त्याच्या तेजावरून अजमावता येतो. त्याच न्यायाने एका दिवसाच्या अर्भकाचे रुधिराभिसरणही सुई न टोचता पारखता येते, आणि ही पारख प्रत्येक प्रसूतिगृहात सक्तीची व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर चालणारा पल्स ऑक्सिमीटर तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश त्वचेतून पार करून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगतो. गर्भावस्थेतील जी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटत जाते, तिच्या अलीकडचे रक्त उजव्या हाताला आणि पलीकडचे पायाला मिळते, म्हणून मोजणी या दोन्ही ठिकाणी करावयाची. आणि सदोष हृदयाचे एखादे मूल याच वाहिनीच्या आधारावर जगत असल्याने, ते रुग्णालयात टवटवीत दिसते व घरी गेल्यावर अकस्मात निळे पडते. आकडा ९० टक्क्यांखाली असेल, तर विलंबाला मुभाच नाही.

सावळ्या त्वचेवर हे यंत्र किंचित अधिक आकडा दाखवू शकते; तेव्हा छातीवर बोट दाबून रंग परतण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो काय, हे पाहणाऱ्या परिचारिकेची नजर मला तितकीच मोलाची वाटते.

नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालहृदयाची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तेथवर मूल वेळेत पोहोचावे, यासाठी आईला घरी पाठविताना तिच्या कागदावर हात व पाय यांचे दोन आकडे नोंदविण्याची तजवीज सरकारने हुकुमानेच करावी.