तिकडे सुखी आहे ना, मग झालं!

गेल्या चवथीला वाड्यावरच्या एका घरी आरतीला गेलो होतो. माटोळी नेहमीसारखी भरगच्च, झांजांचा दणदणाट. थोरला मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनहून आला होता. बरोबर आणखी एक तरुण. हा कोण, असं भटजींनी विचारलं, तर मुलाची आई घाईघाईने म्हणाली, "तो ताचो रूम-पार्टनर."

त्या तरुणाशी मुलाने तिकडे रीतसर लग्न केलं आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, वाड्यावरही बऱ्याच जणांना. आरती संपली, प्रसाद वाटून झाला. रूम-पार्टनर शेवटपर्यंत बलकांवातच उभा होता. निघताना वहिनी मला हळूच म्हणाल्या, "थंय सुखी आसा न्हय, मागीर जालें!"

मंडळी, मला भांडायचंय ते या 'जालें'शी. वहिनींशी नव्हे. त्यांनी निदान दोघांना घरात घेतलं, पान वाढलं. भांडण आपल्या सगळ्यांशी आहे, माझ्यासकट. कारण त्या रात्री मीही मान डोलावली आणि चप्पल घालून घरी आलो.

आपण गोंयकारांनी परदेशाची अडगळीची खोली करून टाकली आहे. घरात जे मावत नाही ते तिकडे ठेवायचं. मुलाला मुलगी नको, मुलगा हवा आहे असं कळलं, की आपण त्याला मारत नाही, हाकलतही नाही. आपण सुसंस्कृत! आपण फक्त म्हणतो, 'पासपोर्टाचं बघ.' मग लिस्बनात जन्म नोंदवायला कागद जातात, पोरगं विमानात बसतं, दर महिन्याला पैसे येतात आणि प्रश्न मिटतो. याला आपण सहिष्णुता म्हणतो. माझ्या मते हे तडीपार करणं आहे, फक्त तडीपाराने घरी पैसे पाठवायचे असतात.

आणि तिकडे तरी काय आहे? परदेश हा काही एक देश नव्हे. आमची निम्मी पोरं आखातात जातात. कुवेत किंवा सौदीत अशा संबंधांना तुरुंग आहे. तिथे गेलेला इथल्यापेक्षा जास्त लपून जगतो.

राहिलं इंग्लंड. मी सरकारी कारकून. माझा जन्म कागदात गेला, म्हणून कागदाचंच सांगतो. समजा, फोंड्याचा एक मुलगा तिकडे नोकरीला आहे आणि त्याचा जोडीदार बेळगावात. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला जोडीदार नेणं त्यातल्या त्यात सोपं होतं. 2020 संपलं आणि ती वाट नव्या नात्यांसाठी बंद झाली. आता नेहमीचा व्हिसा. एप्रिल 2024पासून त्यासाठी वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. गोदामात पाळ्या करणाऱ्याला विचारा, ही रक्कम केवढी आहे ते.

त्यापुढचं ऐका. स्त्री-पुरुष जोडपं असेल तर इथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या करतं, लग्नाचा दाखला घेतं आणि अर्जाला जोडतं. या दोघांना भारतात तो दाखला मिळतच नाही. लग्नाशिवाय जोडीदार म्हणून जायचं तर दोन वर्षांचं नातं सिद्ध करा. भाड्याचा करार, एकत्र बँक खातं, दोघांचे फोटो, नातं माहीत असलेल्यांची पत्रं.

पण या दोघांनी इथे सहा वर्षं काय केलं? फोटो पुसले. पत्ते वेगळे ठेवले. भाड्याच्या करारावर एकाचंच नाव घातलं. नातेवाइकांना सांगितलं, मित्र आहे. इथे जगण्यासाठी जो पुरावा नष्ट करावा लागला, नेमका तोच तिकडचा साहेब मागतो! आणि पत्र कोण देणार? रूम-पार्टनर म्हणून ओळख करून देणारी आई?

आपल्याच गोव्यातलं उदाहरण बघा. वेंडेल रॉड्रिक्स हा कोलवाळचा फॅशन डिझायनर. 2014 साली पद्मश्री मिळाली, 2020 साली वारला. 2002 मध्ये त्याने आपल्या फ्रेंच जोडीदाराबरोबर नात्याची नोंद केली ती फ्रेंच कायद्याखाली. गोव्याच्या मातीत राहून, गोव्याचा पोशाख जगाला दाखवणाऱ्या माणसाला आपल्या नात्यासाठी कागद फ्रान्सचा घ्यावा लागला. आपण त्याचं कौतुक केलं आणि तो कागद विसरलो.

आता कोणी म्हणेल, ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं. अहो, ज्या 377 कलमाने हा गुन्हा ठरवला ते इंग्रजांच्या 1860च्या दंडसंहितेतलं. गोव्यात ते आलं मुक्तीनंतर, भारतीय कायद्यांबरोबर. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली संमतीच्या नात्यांना त्यातून सोडवलं. पण 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदेमंडळाने काय ते बघावं. म्हणजे आज गुन्हेगार नाही, पण नातेवाईकही नाही.

आणि आपण मिरवतो कशाला? पोर्तुगीज नागरी कायद्याला! 1867चा कोड, सगळ्या धर्मांना एक कायदा, लग्न झालं की मालमत्ता समाईक, निम्मी बायकोची. अभिमान रास्तच आहे. पण खुद्द पोर्तुगालने तो कोड 1966 साली बदलला आणि 2010 साली दोन पुरुषांच्या, दोन स्त्रियांच्या लग्नाला मान्यता दिली. म्हणजे ज्या देशाच्या दप्तरात आपण जन्म नोंदवायला धावतो, तिथे त्या मुलाचं लग्नही लागू शकतं. इथे मात्र त्याचा नवरा परका. समाईक मालमत्ता नाही, वारसा नाही. इच्छापत्र केलं तरी आपल्याकडे साधारण निम्मा वाटा मुलं किंवा आईवडील अशा सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. दोघांनी पौंड जोडून फोंड्यात फ्लॅट घेतला आणि तो एकाच्याच नावावर असला, तर तो माणूस गेल्यावर दुसऱ्याच्या हाती किल्ली राहील की नाही, हे सासरच्यांच्या मर्जीवर!

दिल्लीकडे बोट दाखवू नका. वारशाचा कायदा गोव्याच्या विधानसभेने 2012 साली स्वतः केला आहे. हात आपलाही पोचतो. पुढच्या वेळी मतं मागायला कोणी आला की एकदा विचारून तर बघा, चहा थंड होईस्तोवर तो काय बोलतो ते.

आणि कायदा होईल तेव्हा होईल. जावई म्हणायला विधानसभेचा ठराव लागत नाही. यंदा चवथीला मी त्या घरी पुन्हा जाणार आहे. बलकांवात कोणी उभा दिसला तर हाताला धरून आत आणीन, हातात झांज देईन. भटजींनी विचारलंच, तर उत्तरही मीच देईन. गेल्या वर्षी मान डोलावली, त्याची एवढी भरपाई करायला हवी.