आधी छोटी शर्यत
बेळगाव-निपाणीकडे ट्रायथलॉन म्हटलं की पोरांच्या तोंडी गोव्याची आयर्नमॅन ७०.३ येते. मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेली ही शर्यत म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. माझं ऐका, सुरुवात स्प्रिंटनेच करा: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. त्यासाठी लांब कशाला, कोल्हापूरच्या राजाराम तलावावरही ट्रायथलॉन झाल्या आहेत. नाव नोंदवण्याआधी प्रत्येक टप्प्याची वेळमर्यादा वाचा; पोहायचं तलावात की समुद्रात, हेही बघा. बेळगावातल्या गोवावेसच्या स्विमिंग टँकमध्ये तळ दिसतो, तलावात दिसत नाही, आणि खरी भीती तिथेच वाटते. जाणत्या पोहणाऱ्यासोबत मोकळ्या पाण्यात सराव झाल्याशिवाय पैसे भरू नका.