सही नसलेली चकती

माझा भाचा क्योतोला नोकरी करतो. यंदा ईदला घरी आला तेव्हा मिठाईच्या डब्यासोबत रुमालात गुंडाळलेली एक काळपट लोखंडी चकती त्याने माझ्या हातात ठेवली. तळहाताएवढी, मधोमध लांबट त्रिकोणी भोक आणि भोवती जाळीसारखं कोरलेलं गवत.

"खाला, सामुराईच्या तलवारीची आहे. चारशे वर्षांची!" तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. तिथून त्याने ती बारा हजार येनला घेतली होती.

मी मात्र सवयीने चिंच आणि मीठ आणायला उठले. आपल्याकडे जुनी वस्तू मिळाली की आधी घासायची! भाच्याने हात धरून थांबवलं, ते बरं झालं. लोखंडावरचा तो काळपट थर वर्षानुवर्षांचा असतो. तो गेला की वस्तूचं मोलही गेलं. शाकुदो नावाच्या धातूत तर तांब्यात थोडं सोनं मिसळून, द्रावणात उकळून निळसर काळा रंग मुद्दाम आणलेला असतो.

या चकतीला त्सुबा म्हणतात. पातं आणि मूठ यांच्या मधे ती बसते, म्हणजे हात पात्यावर घसरत नाही. मुठीच्या तोंडाची पट्टी ती फुची, टोकाची टोपी काशिरा आणि मुठीच्या गुंडाळीत अडकवलेली छोटी नक्षी मेनुकी. पातं एकच राही, साज मात्र मालकाच्या आवडीप्रमाणे बदलत असे. पुढे १८७६ साली सरकारने सर्वसामान्य सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. कारागिरांचं काम गेलं. काहींनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या नि दागिने घडवले. तलवारींपासून सुटलेले साज युरोप-अमेरिकेत पोचले. कोणता साज कुठल्या तलवारीचा, हे सांगणारं मागे कुणी उरलं नाही.

म्हणूनच नवशिक्याची फसगत होते. पुष्कळ त्सुबांवर सही नसतेच, आणि असली तरी ती खरी असेलच असं नाही. नामांकित कारागिराची खोटी सही कोरण्याचा प्रकार इतका जुना, की जपानीत त्याला गिमेइ असा वेगळा शब्दच आहे. शिवाय एका घराण्याची नक्षी दुसरे उचलत.

मग पाहायचं काय? मधल्या भोकाच्या कडा पाहाव्यात. पात्यावर घट्ट बसावी म्हणून तिथे छिन्नीचे ठोके किंवा तांब्याचे तुकडे घातलेले दिसले, तर ती कधीतरी तलवारीवर चढली असावी. ते नसले म्हणून ती नकली ठरत नाही. साच्यात ओतलेल्या नकलेत जोडाची रेघ, बारीक बुडबुडे किंवा कोरीव कामाचे बोथट कोपरे दिसू शकतात. जपानी तलवारकलेच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेली एक संस्था वस्तू तपासून लेखी प्रमाणपत्र देते. पण स्वस्तातल्या वस्तूसाठी तो खर्च परवडेलच असं नाही.

भाच्याने चकती तिथल्या एका जाणत्या संग्राहकाला दाखवली होती. ते म्हणाले, "जुनी असावी, पण चारशे वर्षं कशावरून?" पोरगा हिरमुसला. त्यात इथल्या एका ओळखीच्या माणसाने ती दुप्पट दामाने मागितली, म्हणून वर्णन लिहून द्यायला तो माझ्याकडे आला. मी लिहिलं : 'लोखंडी त्सुबा. सही नाही. काळ आणि घराणं अनिश्चित.'

"खाला, असं लिहिलं तर कोण घेईल?"

"ज्याला ही चकती आवडेल तो घेईल. ज्याला सामुराईची गोष्ट हवी आहे, त्याला तू काय विकणार? ती गोष्ट तुझ्याकडे आहेच कुठे?"

तो बराच वेळ गप्प बसला. वर्गात 'माहीत नाही' म्हणणारं मूल मला ठोकून देणाऱ्यापेक्षा लवकर शिकताना दिसतं. माझ्या भाच्याला ते बारा हजार येनमध्ये शिकायला मिळालं.

गिऱ्हाइकाने चिठ्ठी वाचली आणि नको म्हटलं. चकती आता भाच्याच्या क्योतोतल्या खोलीत आहे, सोबत माझ्या अक्षरातली ती चिठ्ठी. दुसरी चकती त्याने अजून घेतलेली नाही. सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात जाऊन पाहतो, म्हणतो. आधी डोळा तयार होऊ दे.